कडक औषध

दिवाळी झाली तरी पाऊस हटला नव्हता. हटला तेव्हा ऊन असं पडलं की उकिरड्यातनं वाफा निघाल्या, आणि त्या उबेवर गोचीड माजले. आधी म्हशींच्या कासेला, मग कानांत, मग शेपटीच्या मुळाशी. पुढं ते गोठ्याच्या भिंतीवर रांगेनं चढायला लागले. एका सकाळी राजनंदिनीला चुलीच्या मागं, चटणीच्या डब्याच्या वर, एक फुगलेला गोचीड दिसला. करड्या वाटाण्याएवढा. तिनं चिमट्यात धरून तो निखाऱ्यावर टाकला. फट्ट आवाज झाला आणि चहाच्या वासात रक्त जळाल्याचा वास मिसळला. तिनं चहा ओतून दिला.

"घरात आलं आता," ती नवऱ्याला म्हणाली.

उदयसिंह दारात बूट घालत होता. पेठ वडगावला एका कृषी सेवा केंद्रात तो काउंटर सांभाळायचा. ऊस, सोयाबीन, वांगी, कशावरही रोग पडू दे, माणसं पान तोडून त्याच्याकडं आणायची. तो पान उन्हाकडं धरायचा, मागनं पुढनं बघायचा आणि फळीवरची नेमकी बाटली काढायचा. उदयसिंहाच्या हाताला गुण हाय, असं चार गावांत म्हणत. संध्याकाळी जेवायला बसला तरी त्याचा फोन वाजत राहायचा.

"रविवारी बघतो," तो म्हणाला. "एकदा कडक औषध मारलं की बीज राहत न्हाय."

"जनावराच्या डॉक्टरला विचारू की."

"डॉक्टर काय सांगणार? मीच की डॉक्टर." तो हसला आणि गाडीला किक मारली.

राजनंदिनी घरामागच्या परड्यात आली. तिथं तिचे सासरे पिराजी चिंचेखाली बसले होते आणि त्यांच्या पायांवर मान टाकून गब्रू पडला होता. तांबूस रंगाचं, रुंद छातीचं गावठी कुत्रं. पिराजींची उमर साखर कारखान्यात मिलच्या आवाजात गेली, आणि त्या आवाजानं कान नेले. पोरानं कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते भुंग्यावानी गुणगुणतं म्हणून पिराजींनी कोनाड्यात टाकलं. त्यांचे कान म्हणजे गब्रू. रस्त्यानं जाताना तो त्यांच्या डाव्या अंगाला एक पाऊल पुढं चालायचा. मागनं गाडी आली की नडगीला अंग घासून त्यांना कडेला रेटायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. दारात कुणी हाक मारली की आधी गब्रू उठायचा, मग पिराजी.

आता त्याच्या कानांच्या पाळ्या गोचडींनी जड झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा होते. राजनंदिनी मिठाच्या पाण्याची वाटी घेऊन बसली आणि एकेक गोचीड चिमट्यानं मुळाशी धरून ओढायला लागली. ओढला की कातडी तंबूसारखी वर यायची आणि सुटली की रक्ताचा एक ठिपका राहायचा. गब्रू हूं की चूं करत नव्हता. पिराजी त्याच्या मानेखाली हात घालून बसले होते.

"लई झाल्यात गं," ते मोठ्यानं म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

राजनंदिनीनं मान हलवली. वाटीतलं पाणी लाल झालं होतं आणि उद्या पुन्हा तेवढेच असणार, हे तिला दिसत होतं.

*

रविवारी उदयसिंहानं गाडीच्या डिकीतनं बाटली काढली. अर्धी होती. वर लाल खूण आणि तिच्यात कवटी. झाकण उघडलं तसा लसूण कुजल्यावानी वास परडंभर पसरला. चुलीजवळ झोपलेली मांजर, ठकी, डोळे किलकिले करून उठली आणि गोठ्यातल्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसली.

"अवं, हे तर वांग्यावर मारायचं," राजनंदिनी म्हणाली.

"किडाच मारायचा हाय न्हवं? वांग्यातला काय आन् म्हशीवरचा काय."

"पण जनावराचं औषध येगळं मिळतंय की. डेअरीत..."

"ते हलकं असतंय. निम्मं पाणीच." त्यानं झाकणानं माप घेतलं, बादलीत ओतलं, थोडा विचार केला आणि बाटली तशीच वाकडी करून आणखी ओतलं. पाणी ताकासारखं पांढरं झालं. "दिवसभर मी शेतकऱ्यांना हेच सांगतो. तू मला शिकवायलीस व्हय?"

सहा-सात वर्षांच्या संसारात कुठं थांबायचं हे तिला कळलं होतं. पण हात थांबले नाहीत. तिनं दोन्ही म्हशींची दावी सोडली.

"कुठं निघालीस?"

"ओढ्याला धुऊन आणतो. दूध डेअरीला जातंय. वास लागला तर माघारी येईल."

दुधाची गोष्ट खरी होती. "ने जा," तो म्हणाला. "तवर मी गोठा आन् कुत्रं उरकतो."

रेडकाला ओढत, म्हशींच्या मागं जाताना तिनं वळून पाहिलं. उदयसिंह तोंडाला रुमाल बांधून पाठीवरच्या पंपानं भिंती भिजवत होता. कोपऱ्यात पिराजी गब्रूला पट्ट्यानं धरून उभे होते. त्यांनी नाक वर करून हवेत वास घेतला आणि पोराला काहीतरी विचारलं. पोरानं हातानंच खूण केली, काही नाही, धरा.

ओढ्याला पाणी भरपूर होतं. म्हशी पाण्यात बसल्या त्या उठेनात. राजनंदिनी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून नारळाच्या काथ्यानं त्यांची अंगं घासत राहिली. ऊन चढलं. वरच्या अंगाला गुऱ्हाळासाठी कुणाचा तरी ऊस तोडायला सुरुवात झाली होती, कोयत्यांचे आवाज येत होते. तिच्या मनाला चैन पडत नव्हतं. तिनं म्हशींना हाकारून उठवलं.

परत आली तेव्हा घर गप्प होतं. ओसरीवर उदयसिंह जेवून लवंडला होता. गोठ्याच्या ओल्या फरशीवर मेलेल्या गोचडींचा सडा पडला होता, हरभऱ्याची डाळ सांडावी तसा. आणि त्या सड्यातनं मांजरीच्या पावलांची एक ओळ पोत्यांकडं गेली होती.

राजनंदिनीनं म्हशी बाहेर पुढच्या दारातल्या खुंट्यालाच बांधल्या आणि पोत्यांच्या मागं वाकून पाहिलं. ठकी भिंतीला चिकटून पडली होती. चारी पाय ताठ, तोंडाशी फेस, जिभेचं टोक दातांत. ओले पाय तिनं चाटून स्वच्छ केले होते. शेवटपर्यंत चाटले असणार.

तिनं तिला गोणपाटात घेतलं. अंग अजून गरम होतं.

"अवं!" तिनं हाक मारली. "अवं, उठा. ठकी गेली."

उदयसिंह उठून बसला. त्यानं गोणपाटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "कशानं?"

"कशानं म्हणजे?"

तो उत्तर द्यायच्या आत परड्यातनं पिराजींचा ओरडा आला. शब्द नव्हते, नुसता ओरडा.

गब्रू चिंचेखाली उभा राहायला बघत होता. पुढचे पाय टेकत होते, मागचे पसरत होते. तोंडातनं लाळेची दोरी जमिनीपर्यंत लोंबत होती. कातडीखाली मुंग्या पळाव्यात तसं अंग जागोजागी फडफडत होतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. पिराजींनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला होता. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं, पण आतली घरघर तळव्याला कळत होती.

"ह्याच्या आत पाणी भरलंय," ते म्हणाले. "उदय, ह्याच्या आत पाणी भरलंय रं!"

*

जनावरांचे डॉक्टर अभिराम हे डेअरीच्या फेरीसाठी शेजारच्याच गावात होते. फोन केला तसे अर्ध्या वाटेतनं वळले. तरुण माणूस, बोलायला मोजका. तोवर गल्लीतली माणसं परड्याच्या कुंपणाशी जमली होती. त्यातले निम्मे उदयसिंहाचे गिऱ्हाईक.

"काय झालं? काय खाल्लंय?" डॉक्टरांनी गुडघे टेकत विचारलं.

उदयसिंहानं कुंपणाकडं पाहिलं. तिथं जोतीराम होता, गेल्या आठवड्यातच त्याच्याकडनं औषध घेऊन गेलेला. आणखी दोघंतिघं होते.

"भाईर कायतरी खाल्लं असणार," उदयसिंह म्हणाला. "उंदराच्या गोळ्या टाकत्यात की लोकं शेतात."

"मांजरानं पण तेच खाल्लं?"

"व्हय. मेलेला उंदीर आणला असंल दोघांनी."

डॉक्टरांनी पेटी उघडली, एक बाटली उचलली आणि सुईत भरायला लागले.

राजनंदिनी नवऱ्याकडं बघत राहिली. तो तिच्याकडं बघत नव्हता. त्याच्या मानेवरनं घामाची धार शर्टात उतरत होती. पिराजी एकदा पोराच्या ओठांकडं, एकदा डॉक्टरांच्या हाताकडं बघत होते. काय बोलणं चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि तेच तिला बघवेना.

ती वळली आणि उकिरड्याकडं पळाली. बाटली शेणात अर्धी खुपसलेली होती. तिनं प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून ती ओढून काढली, तशीच शेणासकट आणून डॉक्टरांपुढं धरली.

"डॉक्टर, हे अंगाला चोळलंय. सकाळी. बादलीत कालवून. खाल्लं-बिल्लं काय न्हाय. मांजर त्यातनं चालत गेलं आन् पाय चाटलं."

डॉक्टरांनी बाटली फिरवून वरचं वाचलं. सुईतलं औषध त्यांनी मातीत सोडून दिलं.

"उंदराच्या औषधाला वेगळं इंजेक्शन लागतं, ह्याला वेगळं," ते म्हणाले. "ते देत बसलो असतो तर तासाभरात संपला असता." मग त्यांनी मान वर केली नाही. दुसरी सुई भरली, टोचली. "वहिनी, हाताला पिशव्या बांधा. भांड्याचा साबण आणा, गार पाणी आणा. अंगावरचं निघेपर्यंत धुवायचं, पण चोळू नका जोरात. म्हाताऱ्या बाबांचे हात आधी धुवा. त्यांनी धरलं होतं ना?"

बादल्यांवर बादल्या ओतल्या. पांढरं पाणी चिंचेच्या मुळाशी जाऊ नये म्हणून राजनंदिनीनं फावड्यानं चर मारून ते खड्ड्यात घेतलं. उदयसिंह पाणी उपसून देत होता. कुणी काही सांगितलं नसताना देत होता आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. डॉक्टरांनी थोड्या थोड्या वेळानं पुन्हा टोचलं. सूर्य कलला तेव्हा गब्रूची लाळ थांबली. जीभ कोरडी पडली. त्यानं एकदा मान उचलली आणि पिराजींच्या मनगटावर टाकली.

"जगंल?" पिराजींनी विचारलं.

डॉक्टरांनी हात हलवला, आजचा दिवस जाऊ दे.

माणसं पांगली. जोतीराम जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "आयला, आमच्यात पण हीच बाटली हाय की."

घरात आल्यावर उदयसिंहानं दार लोटलं. "चारचौघांत माझं नाक कापलंस."

"नाक राहिलं असतं, कुत्रं गेलं असतं," राजनंदिनी म्हणाली आणि पिशवी बांधलेले हात सोडवायला बाहेर गेली.

*

गब्रू जगला. पण उठायला दिवस लागले. मागचे पाय धरत नव्हते, दोन पावलं टाकली की बसायचा. पिराजी त्याला ताकात भाकरी कुस्करून चारायचे. पोराशी ते बोलत नव्हते. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं बंद. उदयसिंह ओसरीवर आला की ते परड्यात जायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा राजनंदिनीनं विचारलं, "पण गोचडीचं काय करायचं? ते येणारच की परत."

"येणार," डॉक्टर म्हणाले. "जनावराच्या अंगावर असतो तो थोडाच भाग. बाकी सगळा गोठ्यात असतो, भेगांत. भेगा बुजवा. खालचं शेण उकरून काढा, चुना मारा. कोंबड्या पाळता?"

"न्हाय."

"पाळा. गोचीड वेचून खातात. पण फवारलेलं सगळं धुतल्याशिवाय आणू नका, नाहीतर त्याही जातील. कुत्र्याला रोज हातानं वेचायचं, कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचं. लई झालं तर माझ्याकडं जनावरांचं औषध आहे, वजन बघून देतो." मग ते थांबले. "आणि झाडपाल्याचं म्हणून काहीही लावू नका बरं. परवा एकानं सीताफळाच्या बियांची पूड लावली, कुत्र्याचा डोळा गेला. मांजराला तर कसलंच तेल लावायचं नाही. ते चाटतं."

त्या दिवसापासनं राजनंदिनीनं पदर खोचला. पहाटेचं दूध काढून झालं की ती खुरपं घेऊन गोठ्यात बसायची. फरशीच्या सांध्यांतनं वर्षानुवर्षांचं वाळकं शेण निघत होतं, त्याखाली गोचडींची अंडी, साबुदाण्यासारखी, गच्च. ती खरवडून तिनं पाचटाच्या आगीत टाकली. भिंतींच्या भेगा शेणमातीनं लिंपल्या. चुन्याची कळी भिजत घातली, ती पाण्यात फसफसून उकळली. कुंच्यानं दोन हात दिले, तिसरा दिला. चुन्यानं बोटांची टोकं फुटली, मीठ हाताळताना डोळ्यांत पाणी यायचं. पोती उन्हात टाकली. मग माहेरनं, गगनबावड्याच्या अंगानं, भाऊ एका डालीत गावठी कोंबड्या घेऊन आला.

उदयसिंह हे सगळं येता जाता बघत होता. "असं करून गोचीड जात असतं तर आमची दुकानं बंद पडली असती," तो एकदा म्हणाला.

"पडू देत," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

गोचीड एकदम गेले नाहीत. आठवड्यानं थोडे कमी दिसले, मग पुन्हा वाढले, पुन्हा कमी झाले. तिची कंबर धरली. म्हशी अजून पाय आपटत होत्या. कधी कधी तिलाच वाटायचं, एक बाटली मारली असती तर एका दिवसात सुटलो असतो. मग ती पोत्यांकडं बघायची.

एका संध्याकाळी तिनं ताट वाढता वाढता विचारलं, "आणि कुणाकुणाला दिलंय ते तुम्ही?"

"काय?"

"गोचडीवर म्हणून. तेच औषध."

उदयसिंहाचा घास हातात राहिला. "काउंटरवरनं बाटली गेली की कोण कशाला वापरतंय मला काय ठावं?"

"तुम्हीच सांगितलं असंल की, ह्याला लावा, त्याला लावा."

तो उठला. ताटात निम्मी भाकरी तशीच होती.

*

कारखाना सुरू झाला आणि गावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस रस्त्याच्या दोन्ही कडांना घासेल इतका, आणि चालकाच्या मागं मोठ्ठा स्पीकर.

राजनंदिनी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरनं येत होती. पुढं वळणावर तिला पिराजी दिसले. एकटेच निघाले होते मळ्याकडं, काठी टेकत, रस्त्याच्या मधोमध. गब्रू घरी होता. पण पिराजींचा डावा हात सवयीनं जरा बाहेर धरलेला होता, तिथं कुणी चालत असल्यासारखा.

मागनं ट्रॉली आली. गाणं आधी ऐकू आलं, मग हॉर्न. हॉर्न वाजतच राहिला. उतार होता आणि मागं सगळं वजन. चालक उभा राहून ब्रेकवर रेलला होता. पिराजी चालत होते.

तिनं भारा टाकला. ओरडली, पण ओरडून काय उपयोग. ट्रॉलीच्या मागं मोटारसायकलवर उदयसिंह होता, वडगावहून येत असलेला. त्यानं पाहिलं. गाडी आडवी टाकून तो कडेच्या चरीतनं पळत सुटला, ट्रॅक्टरच्या चाकाला खेटून पुढं गेला आणि बापाला पाठीमागनं कवेत धरून उसात पडला. ट्रॉली दहा हात पुढं जाऊन तिरकी थांबली. वरचा ऊस सळसळत खाली आला.

राजनंदिनी पोहोचली तेव्हा दोघंही बसलेले होते. पिराजींच्या कोपराचं सालपट गेलं होतं. उदयसिंहाची पँट गुडघ्यावर फाटली होती.

"म्हाताऱ्याला घरात बांधा की!" चालक वरनं ओरडत होता. "ऐकू येत न्हाय तर रस्त्यावर कशाला सोडताय?"

एरवी उदयसिंहानं त्याची गचांडी धरली असती. आता त्यानं मान खाली घातली. पिराजींनी त्याच्याकडं पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी बोलले.

"गब्रूनं ढकललं असं वाटलं मला," ते म्हणाले.

उदयसिंहानं बापाच्या कोपरावरची माती आपल्या रुमालानं पुसली. घरी आल्यावर तो बराच वेळ न्हाणीत पाय धूत बसला. मग बाहेर येऊन राजनंदिनीला म्हणाला, "चल. चपला घाल."

"कुठं?"

"जिथं जिथं दिलंय तिथं."

*

जोतीरामकडं बाटली माळ्यावर तशीच होती. कुंपणाशी उभं राहून त्यानं सगळं पाहिलं होतं. ती त्यानं मुकाट्यानं काढून दिली. पुढच्या एका घरात कुत्रं दोन दिवस मरगळून मग सावरलं होतं. घरची बाई म्हणाली, "तुमच्या औषधानं गोचीड गेलं, पण कुत्रं आता कुणाला हात लावू देत न्हाय." आणखी एका ठिकाणी कुत्रं गेलंच होतं. त्यांनी ते सापाच्या माथी मारलं होतं. उदयसिंह त्या अंगणात उभा राहिला, ओठ हलले, पण शेवटी तो एवढंच म्हणाला, "उरलेलं औषध द्या, ते जनावराचं न्हवं." गाडीवर बसल्यावर राजनंदिनी मागनं काही बोलली नाही. त्याला तिनं बोललेलं परवडलं असतं.

शेवटी चिमणाबाईचं घर राहिलं. गावाच्या बाहेर, मळ्यात एकटी राहणारी म्हातारी. मुली नांदायला गेलेल्या, घरात ती आणि तिची मांजर. मांजरीला पिसवा आणि गोचीड झालेत म्हणून तिनं जाता येता उदयसिंहाला सांगितलं होतं, तर त्यानं आपल्या हातानं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं ओतून आणून दिलं होतं. त्यावर ना कागद ना खूण. हे त्यानं राजनंदिनीला वाटेत, गाडी चालवता चालवता, मान न वळवता सांगितलं.

चिमणाबाई दारात उन्हाला बसली होती. मांडीवर एक पांढरं-काळं पिल्लू होतं, मुठीत मावेल एवढं.

"या या," ती म्हणाली. "बस रं लेकरा. सून बी आली? बरं झालं बाई." मग पिल्लाच्या मानेवरनं बोट फिरवत म्हणाली, "आमची थोरली मांजर गेली की रं. तुझं औषध लई चांगलं हुतं, पिसवा पटापटा पडल्या. पर तिचं आयुष्यच तेवढं. दिस मावळायच्या आत गेली. हे लेकीनं आणून दिलंय आता. ह्याला बी झाल्यात पिसवा." तिनं मागं हात घातला. उंबऱ्याच्या आतल्या कोनाड्यात, तिच्या स्वतःच्या गोळ्यांच्या डबीशेजारी, ती बाटली होती. तिनं झाकण फिरवलं. "आजच लावावं म्हणतोय. तू आलास ते बरं झालं. किती लावू सांग. हे बारकं हाय."

लसणाचा तो वास आला. राजनंदिनीचा हात पुढं झाला होता, तो तिनं आवरला. ह्या वेळी ती बोलणार नव्हती.

उदयसिंहानं वाकून म्हातारीच्या हातातनं बाटली घेतली. झाकण घट्ट लावलं.

"आक्का," तो म्हणाला, "तुमची मांजर ह्यानंच मेली. मी दिलं त्यानं."

"काय म्हणलास?"

"हे विष हाय. वांग्यावर मारायचं. मी आणून दिलं तुम्हाला. तिचं आयुष्य हुतं. माझ्यामुळं मेली."

चिमणाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. रागावली नाही, रडली नाही. पिल्लू तिच्या लुगड्याच्या काठाला नखं लावून ओढत होतं.

"ती सोडा म्हणत हुती," ती हळू म्हणाली. "मी मांडीत दाबून धरलोतो तिला. वळवळत हुती, चावली बी मला. मी म्हणत हुतो, गप, गप, उदयसिंहानं दिलंय, चांगलंच असंल."

उदयसिंह खाली बसला, तिच्या पायांपाशी, आणि हात पुढं केला. "बघू ते पिल्लू. मी..."

म्हातारीनं पिल्लू पदराखाली घेतलं. त्याच्याकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही.

"पोरी," ती राजनंदिनीला म्हणाली, "तू ये आत. तू सांग मला ह्याचं काय करायचं."

राजनंदिनी उंबरा ओलांडून आत गेली. आधी तिनं तो कोनाडा साबणानं धुतला आणि गोळ्यांची डबी दुसरीकडं ठेवली. म्हातारीचे हातही धुतले. मग कोमट पाण्याचं पातेलं घेऊन ती जमिनीवर बसली, पिल्लाला फडक्यात घेतलं आणि बारीक दातांच्या फणीनं एकेक पिसू काढून पाण्यात बुडवायला लागली. "तेल-बिल काय लावायचं न्हाय बघा," ती सांगत होती. "रोज असं फणीनं काढायचं. अंथरूण उन्हात टाकायचं. बास." पिल्लू आधी ओरडलं, मग फणी मानेखाली गेली तशी त्यानं मान ताणून दिली. चिमणाबाई जवळ सरकून बघत होती, मधनंच वाकून म्हणत होती, "हळू गं, हळू."

उदयसिंह बाहेर होता. हातातली बाटली खिशात ठेववत नव्हती आणि खाली ठेवायला त्या अंगणात जागा नव्हती. एका बाजूला विहीर, एका बाजूला मेथीचा वाफा. तो ती धरून उन्हात उभा राहिला. त्याला कुणी बस म्हणालं नाही.